तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या विश्वासाने भागतं का?

वहिनी, परवा जिन्यात उभ्या उभ्या तुम्ही विचारलंत आणि मी "निवांत सांगते कधीतरी" म्हणून पुढे निघाले. हातात ड्रेसिंगची पिशवी होती, मावशी वाट बघत होती, हे खरंच. पण त्याहून खरं हे की तुमच्या प्रश्नापुढे त्या क्षणी माझी जीभ उचलली नाही. बोलून जमलं नाही ते लिहून सांगते.

प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. नर्सिंगमध्ये छत्तीस वर्षं काढली. वॉर्डात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी तो मला कितीतरी जणांनी विचारलाय. "तुमच्यात म्हणे येशूवर नुसता विश्वास ठेवला की पापातून तारण होतं. मग चांगलं वागायचं कशाला? आणि एखादा माणूस विश्वास न ठेवताच चांगला वागत असेल, तर त्याचं सगळं फुकट का?" तुम्ही त्यात आणखी एक घातलंत. म्हणालात, "मी काही फार देवधर्म करणारी नाही. पण तापाने फणफणलेली बाई दिसली तर तिला उचलून न्यायचं, एवढं मला कळतं. तुमच्या माणसांना ते का नाही कळलं?"

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मावशी कोण ते सांगते. मावशी म्हणजे आमचं देऊळ झाडणारी बाई. आम्ही जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतो. तिचा नवरा देवळाचा राखणदार. रविवारची घंटा तोच वाजवायचा. तो गेल्यावर मागच्या खोलीत ती एकटी राहिली आणि झाडलोट तिच्याकडे आली. दर शनिवारी देवळातली मोठी सतरंजी ती बाहेर ओढून आणायची, कंपाउंडच्या भिंतीवर टाकून काठीने झोडपायची आणि दुपारभर उन्हात ठेवायची. दोन वर्षांपूर्वी मंडळीत, म्हणजे देवळाच्या सभासदांत, पंचांच्या निवडणुकीवरून आणि जागेच्या कागदांवरून वाद झाला. दोन तट पडले, प्रकरण कोर्टात गेलं, देवळाला कुलूप लागलं. एक तट शाळेच्या हॉलमध्ये भक्ती करू लागला, दुसरा कुणाच्या तरी गच्चीवर. एका तटाच्या अर्जावर माझीही सही आहे. कागदांपुरती आमची बाजू बरोबर होती असं मला आजही वाटतं. पण त्या दोन वर्षांत दोन्हीकडच्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही की मावशीला साखरेचा आजार आहे, चप्पल चावून तिच्या पायाला फोड आलाय, आणि देऊळ बंद झाल्यापासून तिचा पगारही बंद आहे. मी नर्स आहे. तिच्या दारावरून महिन्यातून दोनदा तरी गेले असेन.

तुम्हाला मात्र दूध आणायला जाताना वास आला आणि तुम्ही आत डोकावलात. रिक्षा केलीत. दवाखान्यात दोन रात्री तिच्या उशाशी बसून राहिलात. पायाची दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला. म्हणून तुमचा प्रश्न इतका लागला. तुम्ही टोमणा मारला नव्हतात. तुम्हाला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि त्यामुळेच तो जास्त लागला.

आधी विश्वास या शब्दाबद्दल. आपण तो दोन रीतींनी वापरतो. "भुताखेतांवर माझा विश्वास नाही" ही एक रीत. "त्या बाईवर माझा विश्वास आहे, घराची किल्ली तिच्याकडे ठेवून मी गावाला जाईन" ही दुसरी. ज्या विश्वासाने तारण होतं असं आमच्या शास्त्रात, बायबलात, म्हटलंय तो हा दुसरा, किल्ली हातात देणारा. पहिल्या प्रकारच्या विश्वासाबद्दल त्याच शास्त्रातल्या याकोबाच्या पत्रात फार कडक वाक्य आहे: देव एकच आहे असं तू मानतोस, बरं करतोस, भुतंही तसंच मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे देव आहे एवढं मान्य करण्यात भुतंही आमच्या बरोबरीने आहेत.

मी काही वर्षं क्षयाच्या वॉर्डात होते. सहा महिन्यांचा कोर्स असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतं आणि माणसाला वाटतं, झालं. तिथे पंचविशीतला एक पेशंट होता. डॉक्टरांवर त्याची इतकी श्रद्धा की राउंडची चाहूल लागली की उठून बसायचा, हात जोडायचा. बायकोला सांगायचा, या डॉक्टरांच्या हाताला यश आहे. एकदा चादर बदलायला गादी उचलली तर खाली तांबड्या कॅप्सुलांचा ढीग. काही फुटलेल्या, त्यांचा रंग गादीच्या कापडाला लागलेला. त्या औषधाने लघवी तांबडी होते. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो घाबरला होता आणि त्या दिवसापासून गोळी तोंडात धरून, आमची पाठ वळली की बाहेर काढत होता. त्याचा डॉक्टरांवर विश्वास होता का? विचारलं असतं तर त्याने शपथेवर हो म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट अशी की त्याला औषध फुकट मिळत होतं. गोळी गिळली म्हणजे त्याने डॉक्टरांची फी चुकती केली असं कुणी म्हणणार नाही. कृपा हा आमच्या धर्मातला सगळ्यात मोठा शब्द आहे आणि त्याचा अर्थच फुकट मिळालेलं असा आहे. सत्कृत्यं करून तारण विकत घेता येत नाही, तेवढे पैसे कुणाच्याच गाठीला नसतात. पण फुकट मिळालेलं औषध गादीखाली ठेवून त्याच्या नावाने हात जोडत बसायचं, याला विश्वास म्हणत नाहीत. आम्ही दोन्ही तटांनी देवळाच्या बाबतीत नेमकं हेच केलं.

शास्त्र उघडलं की तुम्हाला वरवर भांडण दिसेल. ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब लिहितो की क्रिया नसतील तर विश्वास मेलेला आहे. आणि दोघंही साक्षीला एकच माणूस उभा करतात, अब्राहाम. माझे वडील खेड्यात मास्तर होते आणि मंडळीत उपदेशही करायचे. ते फळ्यावर शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाचे दोन आकडे लिहायचे: उत्पत्ती १५ आणि उत्पत्ती २२. पंधराव्या अध्यायात म्हाताऱ्या, मूलबाळ नसलेल्या अब्राहामाला देव तारे दाखवून वचन देतो आणि तो विश्वास ठेवतो. पौल इथे बोट ठेवतो. बाविसाव्या अध्यायात तोच अब्राहाम देवाने मागितला म्हणून मुलाचा बळी द्यायला त्याला घेऊन डोंगर चढतो. याकोब इथे बोट ठेवतो. वडील म्हणायचे, दोन अध्यायांच्या मध्ये माणसाचं अख्खं आयुष्य आहे, ते वगळून वाचू नका. पौलाच्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्यायही ते आठव्या ओवीवर थांबू द्यायचे नाहीत. आठवी-नववी सांगते की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, कुणी बढाई मारू नये म्हणून. दहावी लगेच सांगते की आपल्याला घडवलंय तेच सत्कृत्यं करण्यासाठी. आम्हा मुलांना तिन्ही पाठ झाल्याशिवाय संडे स्कूलमधून सुट्टी नसे.

यावरून युरोपात मंडळीची दोन शकलं झाली, हे तुम्हाला इतिहासात होतं. मार्टिन लूथरने १५२२ साली नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. ते वाक्य सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं की विश्वासापासून सत्कृत्यं वेगळी करता येत नाहीत, जशी आगीपासून धग आणि उजेड. हे फार थोड्यांना माहीत असतं. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच आपलं मन नवं करून सत्कृत्यांसाठी बळ देतो. एवढं एक वाक्य एकत्र म्हणायला पावणेपाचशे वर्षं लागली. आमच्या गच्चीवाल्यांना आणि हॉलवाल्यांना दोन वर्षांत जमलं नाही, याचं दुःख मी त्यामुळे कमी करून घेत नाही.

आता प्रश्नाची उलट बाजू. विश्वास बाजूला ठेवून नुसतं चांगलं काम केलं तर काय बिघडतं? इथे मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, वहिनी. माझ्याबद्दल बोलतेय.

मी मिरजेला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वानलेस डॉक्टरांनी १८९० च्या दशकात सुरू केलेला तो मिशनचा दवाखाना, तिथे शिकायला मिळणं आमच्या घरी फार मोठी गोष्ट होती. मी एक वही केली. रोज रात्री तीत लिहायचे, आज कुणासाठी काय केलं. अमुक आजीचे केस विंचरले. तमक्याच्या घरी पत्र लिहून दिलं. सुट्टीच्या दिवशी वॉर्डात गेले. दोन-तीन महिन्यांत वही भरत आली आणि माझ्यात एक बदल झाला, तो मला फार उशिरा कळला. एखाद्या पेशंटने नीट आभार मानले नाहीत तर मला रात्री झोप येईना. बरोबरीची मुलगी दमून झोपलेली दिसली की मनात यायचं, हिच्या वहीत काय असेल. पेशंटच्या तोंडाकडे बघण्याआधी मी माझ्या वहीकडे बघत होते. हात तेच होते, कामही तेच आणि चोख होतं. कुणी बाहेरून तपासलं असतं तर मला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

त्याच वर्षी एका जुन्या सिस्टरांनी मला खोल जखम कशी भरायची ते शिकवलं. खोल जखम वरून शिवून टाकायची नाही. वरची कातडी लवकर मिटली तर जखम बरी दिसते, पण आत पू साठतो आणि आठ-दहा दिवसांनी माणूस तापाने पेटतो. म्हणून आत गॉज भरून तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे मांस तळापासून वर येतं. वेळ लागतो, दिसायला वाईट दिसतं, पण तीच खरी भरलेली जखम. ख्रिस्ताने मत्तयाच्या सातव्या अध्यायात जे सांगितलंय ते मला त्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी कळलं. शेवटच्या दिवशी पुष्कळ जण म्हणतील, प्रभू, आम्ही तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, महत्कृत्यं केली. म्हणजे वही उघडून दाखवतील. आणि तो म्हणेल, मला तुमची कधी ओळखच नव्हती. कामं खोटी होती असं तो म्हणत नाही. ओळख नव्हती असं म्हणतो.

ही ओळख म्हणजे काय, हे समजावायला मला पंडिता रमाबाईंशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. आमच्या महिला मंडळाची सहल केडगावला जायची. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसायचं, आणि मोठ्या बायका आम्हाला गाडीतच रमाबाईंची गोष्ट सांगायला लागायच्या. बहुतेक वेळा ती गोष्ट अशी सांगतात की आधी बाई ख्रिस्ती झाल्या आणि मग त्यांनी एवढं मोठं काम केलं. घडलं तसं नाही, आणि जसं घडलं ते जास्त मोलाचं आहे.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. उरलेली दोन भावंडं पायी देश हिंडत कलकत्त्याला पोचली आणि तिथे १८७८ साली पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग भाऊ गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत नवराही गेला. पदरात मनोरमा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या मठातल्या नन्सनी, त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचा एक आश्रम दाखवला. ज्या बायकांना समाज पतित म्हणून टाकून देतो, त्यांच्यासाठी तो होता. आणि रमाबाईंनी बघितलं की तिथे आलेल्या काही बायका आता स्वतः दुसऱ्या आजारी माणसांची सेवा करताहेत. त्यांनी एका भगिनीला विचारलं, या बायकांची पर्वा तुम्हाला का वाटते? तिने उत्तर म्हणून योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरची शोमरोनी बाई, जिला लोक कमी लेखत आणि जिच्याशी येशू स्वतःहून बोलला. त्याच वर्षी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे आधी त्यांना कुणाची तरी सत्कृत्यं दिसली, आणि ती कुठून येतात हे विचारत त्या मागे मागे गेल्या. तुम्ही जिन्यात मला विचारलंत तसंच त्यांनी विचारलं. त्या भगिनीकडे दाखवायला एक आश्रम होता. माझ्याकडे कुलूप होतं.

पुढचं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवांना शिकवायचं, पायावर उभं करायचं. पुढे जिचं महर्षी कर्व्यांशी लग्न झालं ती गोदूबाई तिथलीच पहिली विधवा विद्यार्थिनी. म्हणजे कामात काही उणं नव्हतं. आणि तरी रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमाराला, त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त मिळालेला नाही. देशभर नाव झालेली, शेकडो लोक जिच्याकडे बघताहेत अशी बाई हे लिहून ठेवते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी मिरजेची वही आठवली आणि रडू आलं.

त्या शोधानंतर काम थांबायला हवं होतं, नाही का? तारण कृपेने आहे हे एकदा मनाला पटलं, मग कशाला राबायचं? झालं उलटंच. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या आईबापांची उपासमार त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. तिथून त्या शेकडो मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. शतक उलटेपर्यंत तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, छपाई, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. शारदा सदनासाठी अमेरिकेतल्या असोसिएशनने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. मुक्तीला तसलं बांधील वचन कुणाचंच नव्हतं, प्रार्थनेवर दिवस काढले. हिशोब सुटला आणि काम कैकपटींनी वाढलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तोवर हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचं कामही त्यांनी हातावेगळं केलं होतं.

मधे १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून. त्यांची काळजी मी समजू शकते. दुसऱ्याच्या लेकी विश्वासाने ठेवून घेतल्या होत्या. पण रमाबाईंची अडचणही मला कळते. त्या पहाटे स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. बंद करून घेतलं असतं तर काम तेवढं उरलं असतं आणि बाई दाराआड गेली असती.

यातून साहजिकच दुसरा प्रश्न येतो, मदतीच्या बदल्यात धर्म दिला का, आणि तो माझ्या घराण्याला लागलेला आहे. माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले, गावकुसाबाहेरचे. १८९९-१९०० च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडत होते, तिथून मिशनच्या अन्नछत्रावर आले आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. "तुम्ही भाकरीसाठी बाटलात" हे शाळेत मी ऐकलंय, आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. पूर्वी मी जिवाच्या आकांताने भांडायचे, की नाही, त्यांनी विश्वासाने घेतला. आता भांडत नाही. हो, ते भाकरीसाठी आले. गावाने विहिरीला हात लावू दिला नव्हता, पोटात तीन दिवस अन्न नव्हतं, आणि कुणीतरी पानात भाकरी घातली. भुकेल्या माणसाने यात लाजण्यासारखं काय आहे? भाकरी देणाऱ्याने जर मनात डोकी मोजून दिली असेल, तर त्याचा जाब त्याला देवापुढे द्यायचाय. ख्रिस्ताने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा आधी नावं लिहून घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच लोक शोधत आले, तेव्हा त्याने त्यांना तोंडावर सांगितलंही, की तुम्ही पोट भरलं म्हणून आलात. माहीत असून त्याने आदल्या दिवशी जेवू घातलं होतं. अट घालून केलेलं सत्कृत्य हा सौदा असतो, आणि कृपेवर जगतो म्हणणाऱ्या माणसाने सौदा करणं मला सगळ्यात मोठा अविश्वास वाटतो.

आमच्या घरात त्या दुष्काळाची एकच गोष्ट रीत म्हणून उरली आहे. जेवायला बसताना एक भाकरी दुरडीत झाकून ठेवायची, तिला कुणी हात लावायचा नाही. पणजोबांनी सुरू केलं. शेवटचा माणूस उठेपर्यंत कुणी दारात आलं तर ती त्याची. कुणी आलं नाही तर सकाळी दुधात कुस्करून पोरांना. ती भाकरी ठेवताना "यामुळे आपलं तारण होईल" असं आजीच्या मनातसुद्धा आलं नसेल. आपल्याला एकदा मिळाली होती, एवढंच.

जक्कयाचंही तसंच. यरीहोचा मोठा जकातदार, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढून बघत बसलेला. येशू त्याला "आधी लोकांचे पैसे परत कर, मग तुझ्या घरी येईन" म्हणत नाही. खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय, म्हणतो. पाहुणा घरात येतो आणि मग तो माणूस उठून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. हा क्रम मला फार प्रिय आहे. पाहुणा आधी, पैसे नंतर. पण पैसे निघाले नसते तर पाहुणा खरंच आत आला होता का, असं यरीहोच्या लोकांनी विचारलं असतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: आमच्या माणसांना का कळलं नाही? कारण त्या दोन वर्षांत आम्ही विश्वास गादीखाली ठेवला होता. सह्या केल्या, तारखांना गेलो, गच्चीवर गीतं म्हटली. पौलाच्या नावावर हे खपवता येणार नाही आणि मी खपवत नाही. मी कृपा या शब्दाचा आडोसा घेऊन मावशीच्या दारावरून गेले, हे मी देवापुढे कबूल केलंय आणि तिच्यापुढेही.

आणि तुमचं काय, हे तुम्ही तोंडाने विचारलं नाहीत, पण प्रश्नात होतं. कुणाला आत घ्यायचं हे ठरवणं माझ्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याच्यावर माझा भरवसा आहे. तुकोबांनी रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणणाऱ्यातच देव ओळखायला सांगितला. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यामुळे तुमच्या-माझ्यात दरी आहे असं मला वाटत नाही. पण खोटं बोलणार नाही: ज्याने मला माझ्या वहीतून सोडवलं त्याची ओळख तुम्हालाही व्हावी असं मला वाटतं. तुमच्या कामात काही कमी आहे म्हणून नाही. तो मला आवडतो म्हणून. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो ज्यांना उजवीकडे बोलावतो ते गोंधळून विचारतात, आम्ही तुला कधी भुकेला बघितलं, कधी आजारी बघितलं? त्यांच्याकडे वही नसते. तो अध्याय आता वाचला की मला दवाखान्यातली दुसरी रात्र आठवते. मी पोचले तेव्हा तुम्ही मावशीच्या पायाखाली उशी सरकवत होतात, आणि तिने डोळे उघडून मला पहिलं काय विचारलं, आठवतं? पायाचं नाही, पगाराचं नाही. विचारलं, "सतरंजी कुणी उन्हात घातली का? वाळवी लागंल तिला."

कुलूप अजून तसंच आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची. मात्र दोन्ही तटांच्या बायकांनी मिळून मावशीचा महिन्याचा खर्च वाटून घेतलाय. गेल्या आठवड्यात आम्ही सहा जणी पहिल्यांदा तिच्याच खोलीत एकत्र बसलो. जागा नव्हती, दोघी उंबऱ्यावर होत्या. एक दिवसाआड ड्रेसिंगला मी जाते. उद्या तुम्ही येणार असाल तर दहाला या, मला बॅटरी धरायला कुणीतरी लागतं. काल जखमेत गॉज निम्माच गेला. खालून भरत येतेय.